हजेरी आपली आपण लिहावी

चाकणला काम लागलं हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. तुझी आई येईल-जाईल त्याला ‘पोरगी कंपनीत लागली’ म्हणून सांगतेय, म्हणून पहिली गोष्ट तिथूनच सुरू करते. तू कंपनीत लागलीस की ठेकेदाराकडे, हे आधी बघून घे. ड्रेसवर नाव कंपनीचं, बस कंपनीची, जेवण कंपनीच्या कँटीनमधलं; आणि गेटपासच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव. ते नाव आणि पत्ता पहिल्याच दिवशी लिहून घे, पासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ आणि आईच्या मोबाइलवर पाठवून ठेव.

माझं आयुष्य टाइम ऑफिसात गेलं. भोसरीच्या एमआयडीसीत हजेऱ्या जुळवायच्या, खाडे काढायचे, पगारपत्रक बनवायचं. पगार कुठं गळतो ते मी बनवणाऱ्याच्या खुर्चीतून बघितलंय. हे सगळं तुला एचआरमधलं कुणी बसवून सांगणार नाही, आणि यूट्यूबवर जे सांगतात त्यात निम्मं अर्धवट असतं. म्हणून नीट वाच, आणि तुझ्या रूमवर ज्या पोरी राहतात त्यांनाही वाचायला दे.

लाइनवर एकाच ठिकाणी उभं राहून एकच नट आवळणाऱ्या पाच जणींना पाच नावं असतात. एक पर्मनंट, एक ट्रेनी, एक अप्रेंटिस, एक फिक्स्ड टर्म, एक ठेकेदाराची हेल्पर. पगारही पाच. तुला सांगतील, तुझं नाव हेच, तेव्हा तुझा हक्क एवढाच. हे मनावर घेऊ नकोस. कायद्यात तू कोण आहेस हे तुला दिलेल्या नावावरून ठरत नाही, काम प्रत्यक्षात कसं चालतं यावरून ठरतं.

नागपूरच्या विडी कामगारांची गोष्ट तुझ्या पिढीला माहीत असायला हवी. 1960-61 च्या सुमाराची. एका विडी कारखानदाराचं म्हणणं असं की हे लोक माझे कामगारच नव्हेत. ते वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, हजारी विड्यांवर मजुरी घेतात, त्यांच्यावर माझा ताबा कसला? वरवर पाहिलं तर बरोबर वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयानं बारकाईनं बघितलं. काम कारखान्यातच बसून करायचं, घरी न्यायची मुभा नाही. हजेरी मांडली जाते. दुपारनंतर आलं तर काम मिळत नाही. आणि जी विडी मापात बसत नाही ती मालक बाजूला काढतो, तिचे पैसे देत नाही. हाच ताबा, असं कोर्टानं म्हटलं. विडी कशी वळायची हे वळणाऱ्याला उभं राहून शिकवायची गरज नसते. वळलेली विडी नाकारायचा अधिकार हातात असला की पुरे. ते लोक कामगार ठरले. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी दुसऱ्या एका विडीच्याच खटल्यात, तंबाखू-पानं घेऊन जाऊन आपल्या सोयीनं विड्या करवून आणणाऱ्या सट्टेदारांना मात्र कोर्टानं स्वतंत्र ठेकेदार ठरवलं होतं. धंदा तोच, विडी तीच, फरक ताब्याचा.

तेव्हा स्वतःला विचार. माझी शिफ्ट कोण लावतं? रजा कुणाकडे मागते? माल रिजेक्ट झाला तर कोण बोलतं? मशीन कुणाचं, हातमोजे कुणाचे? ठेकेदार महिन्यातून एकदा सही घ्यायला उगवतो की रोज काम बघतो? ही उत्तरं सगळी कंपनीकडे बोट दाखवत असतील तर ठेका नावापुरता असू शकतो. 2001 सालच्या स्टील अथॉरिटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ठेका निव्वळ दिखाऊ असेल तर ते कामगार मूळ मालकाचेच. पण त्याच निकालात असंही आहे की ठेका पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कंपनीत घेतले जात नाहीत. दिखाऊपणा सिद्ध करावा लागतो, त्याला वर्षं लागतात, आणि लागतो पुरावा. पुरावा बनवायचं काम आजपासून तुझं.

एक शंभर पानी वही घे. मोबाइलमध्ये लिहू नकोस. मोबाइल हरवतो, फुटतो, आणि शॉपमध्ये नेऊ देत नाहीत. वहीत रोज झोपायच्या आधी एक ओळ. तारीख, शिफ्ट, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, ओटी म्हणजे ओव्हरटाइम किती तास, कुठल्या लाइनवर कुठल्या मशीनवर, सुपरवायझर कोण. बस्स. अंगठ्याच्या मशीनवर वेळ दिसते ती बघूनच पुढं सरकत जा. काही ठिकाणी पंच आउट करायला लावतात आणि मग ‘तासभर थांब’ म्हणून परत लाइनवर पाठवतात. तो तास मशीनमध्ये नसतो, तुझ्या वहीत असला पाहिजे. रोज त्याच शाईत, त्याच अक्षरात, ओळीला ओळ लागून लिहिलेली वही आणि नंतर एका बैठकीत लिहून काढलेली वही यातला फरक बघणाऱ्याला कळतो. कामगार अधिकारी समोर बसलेला असताना ठेकेदाराचं मस्टर एकीकडे आणि घामानं कडा मऊ पडलेली अशी वही दुसरीकडे, असं झालेलं मी पाहिलंय. मस्टर रविवारीसुद्धा हजेरी दाखवत होतं. त्या रविवारी कारखाना बंद होता, आणि वहीत तसं लिहिलेलं होतं. पुढचं सगळं सोपं गेलं.

आता पगार स्लिप. मिळत नसेल तर माग; देणं मालकावर बंधनकारक आहे. वेतन संहिता 2019 ची, पण ती आणि तिच्या जोडीच्या तीन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यात नेमणुकीचं पत्र सगळ्यांना द्यायचं आहे, किमान वेतन सगळ्यांना आहे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. पगाराच्या तारखेची मागणी जुनी आहे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. मागचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत तरी मिळावा, ही त्यातली एक. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली ती त्याच चळवळीतून. म्हणून 7 तारीख टळली की गप्प बसायचं नाही. 8 तारखेला विचारायचं.

स्लिपवर पहिल्यांदा बघ बेसिक आणि विशेष भत्ता. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे ठरतं, आणि विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्या दोन महिन्यांत तुझ्या स्लिपवरचा आकडा हलला नाही तर कुठंतरी पाणी मुरतंय. दुसरं, वर्गवारी. तू आयटीआय केलेली, सीएनसी चालवणारी. आणि कागदावर ‘अकुशल हेल्पर’? ह्यात दर दिवसाचे पैसे जातात आणि ते कधी दिसत नाहीत, म्हणून मला ही चोरी सगळ्यांत वाईट वाटते. ओटी बुडला तर माणूस चिडतो; वर्गवारी बुडली तर त्याला पत्ताही लागत नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलेलं आहे. संविधानाच्या 23 व्या कलमाखाली. एवढी मोठी गोष्ट आहे ती.

मग ओटी. हिशेब सोपा जावा म्हणून धर की तुझं बेसिक आणि भत्ता मिळून 13,000 आहे. भागिले 26, म्हणजे दिवसाला 500. आठ तासांनी भागलं की तासाला साडेबासष्ट. ओटी दुप्पट दरानं, म्हणजे तासाला 125. महिन्यात 30 तास ओटी केला तर 3,750 रुपये व्हायला हवेत. सिंगल दरानं दिला तर 1,875. उरलेले 1,875 ठेकेदाराच्या खिशात, दर महिन्याला, दर माणसामागे. स्लिपवर ओटी हा शब्दच नसेल आणि ‘इन्सेंटिव्ह’ किंवा ‘इतर भत्ता’ म्हणून गोल आकडा असेल तर समज की तास लपवलेत.

कपातीच्या बाजूला पीएफ आणि ईएसआय. 13,000 वर 12 टक्के म्हणजे 1,560 तुझे कापणार, तेवढेच मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचे. काही ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून कापतात. मालकाचा वाटा तुझ्या पगारातून कापता येत नाही. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघ: तुझे 1,560, मालकाच्या वाट्यातले साधारण 477 पीएफमध्ये आणि 1,083 पेन्शनच्या रकान्यात. पासबुकात मालकाचे पैसे कमी दिसतात म्हणून पोरं घाबरतात, ते पेन्शनला गेलेले असतात. घाबरायचं तेव्हा, जेव्हा स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात तो महिनाच नाही. पीएफचा नंबर, म्हणजे यूएएन, एकच ठेव. ठेकेदार बदलला की नवा नंबर काढून देतात, जुने पैसे लटकतात. नवीन जागी पहिल्याच दिवशी जुना नंबर लिहून दे. ईएसआयला तुझा पाऊण टक्का जातो. त्याचं कार्ड काढून घे आणि आईचं नाव त्यात घाल. आजारपणाच्या रजेत 70 टक्के वेतन मिळतं, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पोरं मात्र ताप अंगावर काढून कामावर येतात, खाडा पडेल म्हणून.

पाच मिनिटं उशीर झाला आणि अर्धा दिवस कापला, असं होईल. गैरहजेरीचं कापायचं ते गैरहजेरीच्या प्रमाणात. पाच मिनिटांचे चार तास करता येत नाहीत. दंड करायचा तर आधी कारण विचारावं लागतं, आणि एका महिन्याचा दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या वर जाऊ शकत नाही.

सहीबद्दल कडक सांगते. कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या व्हाउचरवर नाही, तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर तर मुळीच नाही. ‘सगळ्यांनी केली’ म्हणतील. तू म्हण, वाचून देते, आणि रकमेच्या पुढं स्वतः अक्षरी रक्कम लिही. एटीएम कार्ड ठेकेदाराच्या माणसाकडे ठेवायचं नाही. बँकेत पूर्ण पगार टाकायचा आणि संध्याकाळी गेटबाहेर रोख परत मागायची, ही रीत अजून चालते. अशी मागणी झाली तर त्या दिवसाची ओळ वहीत जरा मोठी लिही: कोण, किती, कुठं, बरोबर कोण होतं.

आमच्या वेळी सगळा खेळ 240 दिवसांचा होता. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत बारा महिन्यांत 240 दिवस भरले की टेम्पररी कामगाराला कायम करा, असं कलम होतं. म्हणून सात महिने झाले की ब्रेक. मी स्वतः ब्रेकच्या याद्या टाइप केल्यात, वरून येत तशा. नव्या संहितांत चौकटी बदलल्या, तरी एक गोष्ट जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे: कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. तेव्हा प्रत्येक ब्रेकची तारीख लिही. ब्रेकच्या दिवसांत तुझ्या मशीनवर कोण होतं ते विचारून लिही. ठेकेदाराचं नाव बदललं आणि मशीन, सुपरवायझर, बसचा नंबर तोच राहिला, तर तेही.

ट्रेनी म्हणून घेतलं असेल तर वेगळं बघायचं. अप्रेंटिस कायदा 1961 चा. त्यात नोंदलेला शिकाऊ हा कामगार धरला जात नाही, त्याला विद्यावेतन मिळतं. पण त्यासाठी करार नोंदलेला असावा लागतो. त्या नोंदणीचा नंबर माग. नंबर नाही, शिकवणं नाही, आणि पहिल्या आठवड्यापासून पूर्ण प्रॉडक्शन काढून घेतात, तर ‘ट्रेनी’ हे नुसतं नाव. आणि निवड करायची वेळ आली, ठेकेदाराकडे कायमचं की कंपनीच्या पत्रावर दोन वर्षांची मुदत, तर मुदतीचं पत्र घे. मुदतीच्या कामगाराला पगार आणि सवलती कायम कामगारासारख्याच द्यायच्या आहेत, आणि आता ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षावर लागू होते.

बाईमाणूस म्हणून कमी दिलं तर अजिबात ऐकून घ्यायचं नाही. मुंबईत मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त पगार, बायकांना कमी. कंपनी म्हणाली की युनियनशी तसा करार झालाय, शिवाय आमची परिस्थिती तंग आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये दोन्ही सबबी बाजूला ठेवल्या. समान वेतनाचा हक्क कराराने सोडता येत नाही आणि मालकाला परवडतं की नाही यावर तो अवलंबून नाही. 2016 मध्ये पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यातही त्याच न्यायालयानं म्हटलं की कमी पगारावर काम पत्करणारा माणूस ते खुशीनं पत्करत नाही, घरच्या पोटासाठी पत्करतो. तो खटला सरकारी कामगारांचा होता, खासगी कारखान्यात तो जसाच्या तसा लावता येईल असं नाही. पण कुणी ‘तू कबूल केलंस ना’ म्हणून तोंड बंद करायला आलं तर ही गोष्ट आठव.

तुझा भाऊ स्कूटरवर जेवणाचे डबे पोहोचवतो, त्याला ॲपवाले ‘पार्टनर’ म्हणतात. त्याला खोटी आशा लावणार नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार म्हणून त्याची गणना आहे, ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे आहेत. पण किमान वेतनाचा हक्क त्याला अजून मिळालेला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवलं, तेही भाडं कोण ठरवतं, नाकारल्यावर शिक्षा कोण देतं हेच बघून; म्हणजे विडीचाच न्याय. त्याला सांग, ई-श्रमवर नाव नोंदव आणि आयडी बंद केल्याचा प्रत्येक मेसेज जपून ठेव.

मालक कोण हा असाच प्रश्न आपल्याकडं एका वर्गानं सोडवून दाखवलाय. हमालाला शंभर व्यापारी, म्हणून कुणीच मालक नाही, असं चालायचं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, तिथून हमालाला पगार, पीएफ, सगळं. पुढं 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. हे कुणा एकट्यादुकट्यानं अर्ज करून झालेलं नाही.

म्हणून तूही एकटी जाऊ नकोस. तोंडी भांडण नको, सुपरवायझरवर ओरडणं नको. तोही कुणाचातरी नोकर आहे. पाच-सहा जणींनी मिळून साधा अर्ज लिहायचा: अमुक महिन्याचा ओटी इतके तास, दर इतका हवा होता, मिळाला इतका. दोन प्रती. एक एचआरला, एक ठेकेदाराला, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवा. ठेकेदारानं पैसे बुडवले तर ते द्यायची जबाबदारी ज्याच्या कारखान्यात काम केलं त्याच्यावर येते, म्हणून कंपनीला प्रत गेलीच पाहिजे. एवढ्यावर हललं नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथं दावा गेला की पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं, तुझ्यावर नाही. बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे. वकिलाला पैसे नसतील तर 15100 वर फोन करायचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना वकील फुकट मिळतो.

काम सोडशील तेव्हा सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा, तू राजीनामा दिलास तरी आणि त्यांनी काढलं तरी. ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणतील. त्या दिवशीच मेसेज पाठव की येणं किती आहे, म्हणजे तारीख राहील. ‘सर्व रक्कम मिळाली’ असं लिहून देऊ नकोस, खात्यात जमा होईपर्यंत.

आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. ती नोकरी सोडल्यापासून मोजत बसू नकोस. ज्या महिन्याचे पैसे बुडाले त्या महिन्यापासून ती चालू झालेली असते.